पाणी दाखवणारा पाय

मसाजीमामांचा उजवा पाय दुखायला लागला तेव्हा पुसेगावात कुणी लक्ष दिलं नाही. मामा मेंढपाळ. जन्मभर मेंढरांपुढं चालत आलेला माणूस. त्याचा पाय दुखणार नाही तर काय दुखणार?

दुखण्याची रीत मात्र वेगळी होती. थोडं चाललं की पोटरी आवळायची, आतून कुणी मूठ मिटावी तशी. मामा थांबायचे. बिडी पेटवायचे. बिडी संपेस्तोवर मूठ सुटलेली असायची. मग पुन्हा चालणं, पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा मूठ. मेंढरांनाही सवय झाली. पुढची मेंढी मामांच्या आधीच थांबून त्यांच्याकडं बघू लागली.

मी तेव्हा एम.ए.चा अभ्यास गावाबाहेर एका बाभळीखाली करायचो. घरात टीव्ही होता. मामांची एक थांबायची जागा त्या बाभळीजवळ पडायची. ते टेकायचे आणि विचारायचे, "धम्मानंद, आज काय वाचून राहिलास?" मी गोष्ट सांगायचो. ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "मग त्या माणसाचं पुढं काय झालं?" मराठी विभागात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमची मैत्री अशी झाली.

मग प्रभूच्या वावरात पाणी लागलं.

प्रभू हळद लावणारा शेतकरी. त्याला बोअर घ्यायचा होता. आमच्याकडं बोअर घेण्याआधी पाणाड्या आणतात. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. प्रभूचा पाणाड्या जवळा बाजारहून येणार होता. वाटेत त्याच्या मोटारसायकलची चेन तुटली. इकडं बोअरची गाडी बांधावर उभी. गाडीवाला तमिळनाडूचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याला हिंदीचे मोजके शब्द येत होते आणि ते तो सगळे एकदम वापरत होता.

"पॉइंट किदर? डीजल वेस्ट. जल्दी. पॉइंट किदर?"

त्याच वेळी मसाजीमामा मेंढरं घेऊन त्या वावरातून चालले होते. पोटरी आवळली. मामा मटकन खाली बसले. मेंढरं भोवती थांबली. अण्णानं बोट दाखवलं.

"पॉइंट?"

प्रभूनं मामांकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं. त्याला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक.

"व्हय," तो म्हणाला. "पॉइंट."

मामांना हात धरून उठवलं आणि ते बसले होते तिथं बोअर घेतला. दुपारी पाणी गाडीच्या शेंड्याच्या वर उडालं. प्रभू चिखलात नाचला. मामा लांब उभे राहून बिडी ओढत होते. प्रभूनं त्यांना ओढत आणलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या उजव्या पायावर डोकं ठेवलं.

"मला काही समजून न्हाई राहिलं," मामा मला म्हणाले. मलाही समजत नव्हतं.

अख्ख्या सेनगाव तालुक्यात बोभाटा झाला. मसाजीचा पाय पाणी धरतो. कुरुंद्याहून जीप आली, औंढ्याकडून लोक आले. मामांना वावराच्या एका कोपऱ्यात उभं करायचं. ते चालायला लागायचे. मागं मालक, मालकाचे भाऊ, नारळ घेतलेली म्हातारी. मामांचा हट्ट म्हणून मी. पोटरी आवळली की मामा थांबायचे. तिथं चुन्याची फुली.

काही फुल्यांवर पाणी लागलं. आमच्या भागात कुठंही भोक पाडलं तरी काही ठिकाणी पाणी लागतंच. काही फुल्यांवर नुसती धूळ आली. पण धूळ आली म्हणून पायाला कुणी दोष दिला नाही. मालक मध्येच बोलला होता. मामांनी मध्येच चहा घेतला होता. एका ठिकाणी मालकिणीनं पाया पडताना डावा पाय धरला होता, म्हणून उजवा रुसला.

एकदा भल्या मोठ्या वावरात धूळच धूळ निघाली. त्या दिवशी जळबा तिथं बघायला आला होता. जळबा म्हणजे गावातला सगळ्यात मोठा शेतकरी. सोयाबीनची आडत, पुढं आलेलं पोट, ओठात कायम बिडी. त्यानं खाली वाकून मामांच्या पायांकडं नीट पाहिलं.

"टायरची चप्पल हाय," तो म्हणाला. "रबरातून करंट जातो व्हय?"

सगळ्यांना एकदम पटलं. त्या दिवसापासून मामा अनवाणी चालू लागले.

आधी हाच जळबा मामांची मेंढरं बांधाला लागली तरी दगड भिरकावायचा. आता तो 'मसाजीबुवा' म्हणायला लागला. वावरात गेलं की आधी खुर्ची मागवायचा. पहिल्यांदा मामा त्या खुर्चीच्या काठावर बसले, कुणी कधीही ओढून घेईल असे. नंतर हळूहळू मागं टेकायला लागले. ते टेकणं मी पाहिलं. त्यामुळं पुढं मला त्यांच्याशी भांडता आलं नाही.

एका वावरात मामांच्या करंगळीत बाभळीचा काटा मोडला.

सिंधूमामींनी सुईनं काटा काढला. हळद भरली. सिंधूमामी म्हणजे मामांची बायको. त्यांच्या हातानं मेंढरांच्या किती तरी जखमा बऱ्या झाल्या होत्या. ही होईना. करंगळी लाल झाली, निळी झाली, मग टोकापासून काळी पडू लागली. आता पोटरी चालल्याशिवायही दुखायची. झोपताना मामा पाय खाटेखाली लोंबकळत सोडायचे. तेवढंच बरं वाटायचं.

ही बातमी जळबाला कळली. तो दोन माणसं घेऊन आला आणि खाटेखाली वाकून बघू लागला.

"पाय खालीच काहून लोंबतो?" तो म्हणाला. "आता बसल्या जागी बी धरून राहिला. हितं खाली लई पाणी असंल."

"माझ्या घरात भोक पाडायला आलास तर डोक्यात मुसळ घालीन," मामी म्हणाल्या.

"वैनी, मी तुमच्याच फायद्याचं बोलून राहिलो."

"फायदा तुझ्या घरी ने. अन् जाताना तुझं पोट बी ने, दार आडवून ठेवलंय त्यानं."

मी मामांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी पायाच्या घोट्याला बीपीचा पट्टा बांधला. मामांना हसू आलं. "पायाला बी बीपी असतो?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आणखी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. मांडीपासून खाली रक्तवाहिनी तुंबली आहे. खाली रक्तच पोचत नाही. बिडीनं झालं. आता गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. नाही तर हैद्राबादला जा. तिथं लेसरनं आतून वाट मोकळी करतात. जमलं तर पाय वाचेल. मात्र उशीर करू नका.

मी ते सगळं मामींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी मामांच्या अंगणात माणसं जमली, मयताला जमतात तशी, हळू बोलत.

"लेसर म्हंजे जाळतेत, बराबर?" जळबानं मला विचारलं.

"आत जे तुंबलंय ते जाळतात."

"अन् पाणी धरणारं तेच असंल तर?"

मी एव्हाना एम.ए. झालो होतो. अभ्यासक्रमात हे नव्हतं.

"आमी जाऊ नका म्हणून न्हाई राहिलो," जळबा मामांना म्हणाला. "फक्त माझ्या वावरात एक चक्कर. गाडी सांगून ठेवलीय. मग खुशाल जा."

"अन् तवर पाय सडला तर तू देशील का तुझा?" मामी म्हणाल्या.

"वैनी, पाय काय घेऊन बसलाव? मसाजीबुवासाठी जीव देतो."

"जीव नगं. पाय दे."

जळबानं विझलेली बिडी पुन्हा पेटवली. शेवटी मामा म्हणाले, "बघू. पाऊसकाळ होऊ द्या."

माणसं गेली. मी मामांना विचारलं, "पाऊसकाळ काहून? डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना तुमी?"

मामांनी करंगळीवरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"धम्मानंद, जल्मभर लोकांनी मला एकच सांगितलं. निघ. वावरातून निघ, बांधावरून निघ, हिरीवरून निघ. आता म्हंतेत, या बुवा, बसा. पाय बरा झाला की पुन्हा निघ."

"आणि पाय गेला तर?"

"तरी बी निघ." ते थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पर मग निघणार कसा?"

याचा त्यांनी तोवर विचार केला नव्हता. ते रात्री जेवले नाहीत. सकाळी मामींना म्हणाले, "मेंढरं विकून टाक."

"कालच इकली," मामी म्हणाल्या.

आम्ही तिघं हिंगोलीहून हैद्राबादच्या, काचीगुड्याच्या रेल्वेत बसलो. मामींच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि एक नारळ होता. बोअरची गाडी नारळ फोडल्याशिवाय सुरू करत नाहीत. मामींचं म्हणणं, हेही बोअरच आहे. दवाखान्याच्या दारात वॉचमननं अडवलं.

"अम्मा, इधर नक्को फोडो."

"मग आत फोडते."

"अंदर तो बिल्कुल नक्को."

शेवटी मामींनी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर नारळ फोडला. परत येऊन वॉचमनच्या हातावर एक तुकडा ठेवला. त्यानं तो आधी कपाळाला लावला, मग खाल्ला.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं मामांच्या डाव्या पायाला गार जेल लावून एक छोटं यंत्र टेकवलं. यंत्रातून आवाज आला. ढस्, ढस्, ढस्.

"सुनो चाचा. ये खून चल रहा."

मग उजव्या पायाला टेकवलं. यंत्र नुसतं खरखरलं. तिनं जागा बदलली. खरखर. मामा कान देऊन ऐकत होते. बोअरमध्ये दगड टाकून माणसं ऐकतात तसे.

"कोरडा हाय," ते म्हणाले.

"क्या बोल रहे?" डॉक्टरनं मला विचारलं.

"सूखा बोअर म्हणतायत."

ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "बराबर बोल रहे. देखो चाचा, जांघ से बारीक तार डालते. तार के मुंह पे लेसर. कचरा जला जला के रास्ता बनाते. फिर अंदर गुब्बारा फुला के चौड़ा करते."

"केसिंग टाकतेत का?" मामांनी मला विचारलं. बोअरची माती ढासळू नये म्हणून आत पाईप घालतात, त्याला केसिंग म्हणतात. मी डॉक्टरला कसंबसं सांगितलं.

"जरूरत पड़ी तो जाली डालते," ती म्हणाली.

तिनं पडद्यावर फोटो दाखवला. मामांच्या दोन्ही पायांतल्या रक्तवाहिन्या पांढऱ्या झाडांसारख्या दिसत होत्या. डावं झाड पार खालपर्यंत. उजवं मांडीच्या मध्यात तुटलेलं.

"इसने पॉइंट कैसे निकाला?" मामांनी तिला स्वतःच विचारलं. त्यांची हिंदी अण्णाकडून आली होती.

"मशीन से."

मामांनी मान हलवली. त्यांना मशीनबद्दल आदर वाटला असावा. त्यांनी डोक्याचा पटका काढून माझ्याकडं दिला. तो मी त्याआधी कधी उतरलेला पाहिला नव्हता.

आत काय झालं ते मला मामांकडूनच कळलं. त्यांना झोपवलं नव्हतं. फक्त जांघेत इंजेक्शन दिलं. सगळ्यांनी डोळ्यांवर चष्मे घातले आणि मामांनाही घातला. "नवरदेव घालतो तसला," मामा म्हणाले. मग आत टक् टक् टक् वाजायला लागलं. पाय थोडा गरम झाला. डॉक्टर पडद्याकडं बघत होती. मामाही बघत होते. मध्येच ती थांबली तर मामा म्हणाले, "कडक लागलं का? दगड असंल. हळू घ्या." तिला मराठी येत नव्हतं. पण तिनं हळू घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ते यंत्र आणलं. मामी खाटेच्या पायथ्याला उभ्या होत्या. उजव्या पायावर जेल, मग यंत्र. आधी खरखर. तिनं ते थोडं सरकवलं.

ढस्. ढस्. ढस्.

मामांनी हात वर केला, वावरात सगळ्यांना गप्प करतात तसा.

"लागलं," ते म्हणाले.

मामींनी पदर तोंडात धरला. डॉक्टर माझ्याकडं बघत होती, काय बोलले ते सांग म्हणून. मी यंत्राकडं बोट दाखवलं.

करंगळी मात्र गेली. ती आधीच मेली होती. ती काढली त्या दिवशी जळबाचा फोन आला.

"पाय वाचला?"

"वाचला. एक बोट काढलं."

पलीकडं काडी ओढल्याचा आवाज आला. मग, "कोणतं?"

"करंगळी."

"कुठंय?"

"काय?"

"बोट. घेऊन या. समजा सगळी ताकद त्या बोटातच असंल तर?"

मी नर्सला विचारलं. का विचारलं, मला आजही सांगता येत नाही. ती म्हणाली, ते पिवळ्या पिशवीत जातं. मी जळबाला तसं सांगितलं.

"मग पिशवी आणा," जळबा म्हणाला.

मी फोन बंद केला. निघताना डॉक्टरनं मामांना तंबी दिली. "बीड़ी छोड़ो. नहीं तो फिर बंद होता, फिर मैं कुछ नहीं कर सकती. और रोज चलना. थकने तक चलना." तिनं मऊ तळव्याचे बूट लिहून दिले. मामींनी ते तिथंच विकत घेतले.

गावात आल्यावर मामा आधी अंगणात चालले. मग गल्लीत. मग एके दिवशी न थांबता शाळेपर्यंत. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. जुन्या जागी सवयीनं थांबायचे, वाकून पोटरीला हात लावायचे, काही नाही म्हणून चकित व्हायचे आणि पुढं जायचे. मला वाटलं, संपलं.

जळबा प्रभूला घेऊन आला. त्यानं बराच विचार केलेला दिसत होता.

"पाईप साफ केला, बराबर?"

"व्हय," मामा म्हणाले.

"चोक निघाला?"

"निघाला."

"मंग चोक असताना एवढं पाणी दाखवलं, तर आता किती खोलचं दाखवंल?"

प्रभूनं हळूहळू मान हलवली.

"उद्या सकाळी गाडी येऊन राहिली," जळबा म्हणाला. "मसाजीबुवा, लई वाट बघितली."

मामा नाही म्हणाले नाहीत. ते दोघं गेल्यावर मामींनी विचारलं, "काहून सांगितलं न्हाई? पायात काही नव्हतं म्हणून?"

"वावरात सांगतो."

"वावरात कशाला? कुठं तरी थांबा अन् या घरी. पाणी लागलं तर त्याचं नशीब, न्हाई लागलं तर त्याचं पोट."

"दुखल्याबिगर थांबू?" मामा म्हणाले. "आजपोतर मी खोटं थांबलो न्हाई."

सकाळी जळबाच्या वावरात निम्मं गाव होतं. हरभरा निघून गेलेला, रान मोकळं. बोअरची गाडी कोपऱ्यात धूर सोडत होती. जळबानं मामांच्या पायांतल्या बुटांकडं पाहिलं. मग मामींकडं पाहिलं. "साफ पायाला बूट चालतेत," तो म्हणाला.

मामा निघाले. मागं आम्ही. वावराचा मध्य आला, गेला. मामा चालत होते. पलीकडचा बांध दिसायला लागला.

"बुवा," जळबा मागून म्हणाला, "वावर संपून राहिलं."

"दुखून न्हाई राहिलं," मामा म्हणाले.

मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी बांध ओलांडला. पलीकडं सुदामचं वावर होतं. सुदाम बांधावर उभा राहून गंमत बघत होता. त्यानं एकदम टोपी सरळ केली.

"माझ्या वावरात आलं!"

"गाडी माझी हाय," जळबा म्हणाला.

"वावर माझं हाय."

दोघं भांडत चालू लागले. मागं अण्णानं गाडी बांधावरून चढवली. बांध ढासळला. त्यावरून नवं भांडण सुरू झालं आणि तेही चालू लागलं. मामा कशाकडंच बघत नव्हते. मी धावत पुढं गेलो आणि त्यांचा चेहरा पाहिला. ते पाणी शोधत नव्हते. ते चालत होते. मेंढरं नाहीत, मूठ नाही, थांबणं नाही. सुदामचं वावर संपलं. कोरडा ओढा आला. मामा उतरले आणि चढले. पुढं गायरान. माणसं मागं गळू लागली. अण्णा खिडकीतून ओरडत होता, "पॉइंट किदर? पॉइंट किदर?"

"मामा, सांगून टाका," मी म्हणालो.

"एवढं चालून घेऊ दे," मामा म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आई गं."

जळबा खाली बसला होता. दोन्ही हातांनी पोटरी धरून. तोंडातली बिडी गळून पडली होती.

सगळे थांबले. गाडी थांबली. अण्णानं खिडकीतून बोट दाखवलं.

"पॉइंट?"

प्रभू चुन्याची पिशवी घेऊन पुढं झाला आणि जळबाच्या पायाजवळ फुली मारली. एका म्हातारीनं नारळ पुढं केला. कुणीतरी जळबाच्या पाया पडलं.

मामा परत आले. गुडघे टेकून जळबासमोर बसले.

"कुठं?"

"पोटरीत."

"कसं?"

"आतून मूठ आवळल्यावानी."

"अन् बसल्यावर?"

"सुटून राहिलं."

"कवापासून?"

जळबानं सगळ्यांकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "दिवाळीपासून. मला वाटलं, मला बी..." तो थांबला. त्याच्या डोळ्यांत आशा होती. मी आयुष्यात इतकी चुकीच्या जागी आशा पाहिली नाही. "बुवा, मला बी पाणी कळून राहिलं का?"

मामा उठून उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हितं पाणी न्हाई. माझ्या पायात बी कवा नव्हतं. दुखायचं म्हणून मी थांबायचो. बिडीनं नळी तुंबली होती. त्या डॉक्टरीणबाईनं मशीन लावून ऐकवलं मला. आत नुसती खरखर. या जळबाचं बी तेच हाय."

प्रभूनं आपण मारलेल्या फुलीकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "मंग माझ्या वावरात कसं लागलं?"

"तुझं नशीब."

"नशिबानं एवढं पाणी?"

"सोताचा पाय बरा झाला ना," सुदाम म्हणाला. "आता दुसऱ्याचं बघवून न्हाई राहिलं." दोघा-चौघांनी मान हलवली. "मसाजी, बाजूला व्हय. गाडीला जागा दे."

नावातलं 'बुवा' गेलं होतं. मामांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग खाली वाकून जळबाच्या काखेत हात घातला.

"ऊठ."

"कुठं?"

"नांदेडला. मंग लागलं तर हैद्राबादला."

"आत्ता?"

"आत्ता. तुझ्या पायाची बोटं अजून गोरी हायत."

"अन् बोअर?"

"अण्णा हाय की."

जळबानं फुलीकडं पाहिलं. गाडीकडं पाहिलं. मामांच्या बुटाकडं पाहिलं, जिथं करंगळीची जागा रिकामी होती. मग उठला.

आम्ही तिघं रस्त्याकडं निघालो. थोडं गेल्यावर जळबाची पोटरी आवळली. तो थांबला. मागून प्रभू धावत आला आणि तिथंही फुली मारली. आम्ही पुढं गेलो. जळबा पुन्हा थांबला. पुन्हा फुली. मागं अण्णाला आता बरेच पॉइंट झाले होते आणि त्यातला खरा कोणता ते त्याला कुणी सांगत नव्हतं. तो तमिळमध्ये शिव्या देत असावा.

रस्त्यावर हिंगोलीची जीप उभी होती. मामांनी जळबाला आत बसवलं. त्याच्या खिशातून बिडीचं बंडल आणि काडेपेटी काढली, क्षणभर बंडल नाकाशी धरलं आणि रस्त्याकडंच्या खड्ड्यात टाकलं.

"बुवा, तुमी बी येता ना?" जळबा म्हणाला.

"येतो. त्या मशीनचा आवाज एकट्यानं ऐकवत न्हाई."

मामा त्याच्या शेजारी चढले. मी मागं चढलो. जीप हलली तेव्हा गायरानात पहिल्या फुलीवर बोअर सुरू झाला होता. धूळ उडत होती. जळबा मान वळवून तिकडंच बघत राहिला, ओलं येतंय का म्हणून. मामांनी त्याच्या हनुवटीला हात लावला आणि त्याचं तोंड पुढं रस्त्याकडं केलं.